वाऱ्याच्या नोंदीत खंड नको

2007 सालच्या जुलैमध्ये मायामीच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राचे संचालक बिल प्रोएन्झा यांची खुर्ची गेली. जानेवारीतच ते पदावर आले होते. त्यांच्याविरुद्ध तक्रारी आणखीही होत्या, पण सगळ्यात गाजला तो एका उपग्रहाचा विषय. ‘क्विकस्कॅट’ हा समुद्रावरचा वारा मोजणारा नासाचा उपग्रह म्हातारा झाला आहे आणि त्याची जागा घेणारा दुसरा तयार नाही, असे ते जाहीरपणे सांगत सुटले होते. तो बंद पडला तर चक्रीवादळाच्या मार्गाच्या दोन दिवसांच्या अंदाजातली चूक 10 टक्क्यांनी आणि तीन दिवसांच्या अंदाजातली 16 टक्क्यांनी वाढेल, असा त्यांचा दावा होता. त्यांच्याच केंद्रातल्या अनेक तज्ज्ञांना तो अतिरंजित वाटला. लोकांचा आमच्यावरचा विश्वास उडेल, असे म्हणत त्यांनी संचालकांना हटवण्याची मागणी केली.

माझ्या मते दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर होत्या. पुढे क्विकस्कॅट खरोखर निकामी झाला आणि अंदाज काही कोसळले नाहीत. पण अशा उपग्रहाच्या पाठोपाठ दुसरा तयार हवा, हे प्रोएन्झांचे मूळ म्हणणे खोटे ठरले नाही. त्यांचे चुकले ते कारण सांगण्यात. वादळाची भीती घालून मागितलेला पैसा वादळ न आल्यास थांबतो. या उपग्रहांची खरी किंमत कुठे आहे, हे त्यांच्या मापांवर आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञांच्या कामात दिसते.

समुद्रावरचा वारा मोजणे हे मुळात अवघड काम. पूर्वी या नोंदी जहाजांवरून येत. जहाजे ठरलेल्या व्यापारी वाटांनी जातात आणि वादळ दिसले की वाट बदलतात, त्यामुळे जिथे माहिती सर्वांत जास्त हवी तिथेच नोंद नसे. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्यांना समुद्राच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या गोंगाटाचा त्रास होई. शत्रूची बोट त्या गोंगाटात हरवायची. वारा वाढला की गोंगाटही वाढतो, हे लक्षात आले आणि 1960च्या दशकात रिचर्ड मूर आणि विलर्ड पिअरसन यांनी कल्पना मांडली, की हा गोंगाटच मोजू आणि त्यावरून वारा काढू.

यासाठीच्या उपकरणाला स्कॅटरोमीटर म्हणतात. सुमारे 800 किलोमीटर उंचीवरून ते तिरक्या दिशेने सूक्ष्मलहरी खाली सोडते. त्यांची लांबी क्विकस्कॅटच्या बाबतीत दोन सेंटिमीटरच्या आसपास होती. वारा पाण्यावर तेवढ्याच, काही सेंटिमीटरच्या बारीक लाटा उठवतो. पाणी जितके खरखरीत, तितका जास्त संकेत उपग्रहाकडे परततो. वाऱ्याच्या समोरून पाहिले की संकेत वेगळा आणि आडवे पाहिले की वेगळा, म्हणून एकाच जागेकडे निरनिराळ्या कोनांतून पाहून दिशाही काढता येते. वारा उपग्रहाला दिसत नाही, दिसते ते वाऱ्याने पाण्याचे काय केले ते. अनुभवी तांडेल पाण्याचा रंग आणि फेस बघून वाऱ्याचा जोर सांगतो, तोच न्याय इथे लावला आहे.

पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले डब्ल्यू. टिमोथी लिऊ यांचे काम नेमके इथले. उपग्रहाला जे दिसते ते मुळात वाऱ्याचे पाण्यावर होणारे घर्षण आहे, नुसता वाऱ्याचा वेग नव्हे, यावर त्यांचा भर राहिला. उपग्रहांच्या नादी लागण्यापूर्वी, 1979 मध्ये, त्यांनी क्रिस्टिना कॅटसारोस आणि योस्ट बुसिंगर यांच्यासोबत समुद्र आणि हवा यांच्यातली उष्णता व बाष्प यांची देवाणघेवाण कशी मांडावी, यावर लिहिलेला शोधनिबंध या क्षेत्रातले लोक आजही वापरतात. पुढे नासाच्या ‘एनस्कॅट’ आणि क्विकस्कॅट या मोहिमांचे ते प्रकल्प-शास्त्रज्ञ झाले. एनस्कॅट ज्या जपानी उपग्रहावर बसवले होते तो 1996च्या ऑगस्टमध्ये उडाला आणि 1997च्या जूनअखेरीस वीजपुरवठा तुटून मेला. दहा महिन्यांत सगळे संपले. मग पुढच्या मोहिमेसाठीचे सुटे भाग वापरून घाईघाईने क्विकस्कॅट उभा केला गेला. 1999च्या जूनमध्ये तो सुटला, तीन वर्षे चालेल असे धरले होते, तो दहा वर्षे चालला.

या नोंदींनी काय दिले, याचे माझे आवडते उदाहरण हवाई बेटांचे. ही बेटे प्रशांत महासागराच्या मानाने ठिपक्याएवढी, पण त्यांचे डोंगर चार किलोमीटरहून उंच. पूर्वेकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांना ते अडवतात. बेटांच्या मागे वाऱ्यात पडलेला हा खळगा काहीशे किलोमीटरांत भरून निघतो, अशी समजूत होती. शांग-पिंग शिए, लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवले, की त्याचा परिणाम पश्चिमेकडे तब्बल 3,000 किलोमीटरपर्यंत जातो. वाऱ्याच्या त्या मुरडीमुळे पाण्यात उलटा, पूर्वेकडे वाहणारा प्रवाह तयार होतो, तो आशियाच्या बाजूचे गरम पाणी बेटांकडे आणतो आणि ते गरम पाणी पुन्हा वारा आणि ढग बदलते. उपग्रह मंजूर करताना कुणी असा शोध अर्जात लिहू शकले नसते. एकाच मापाने, सलगपणे, संपूर्ण महासागर पाहिला म्हणून तो दिसला.

आता आपल्याकडे. 2009च्या सप्टेंबरात इस्रोने ‘ओशनसॅट-2’ सोडला. त्यावर भारतीय स्कॅटरोमीटर होते. नोव्हेंबरात फयान वादळ अलिबागजवळ धडकले आणि कोकणातल्या अनेक मच्छीमार कुटुंबांनी माणसे गमावली. त्याच महिन्याच्या 23 तारखेला क्विकस्कॅटचा अँटेना फिरायचा थांबला. पुढे काही वर्षे जगातल्या हवामान संस्थांना अहमदाबादेत घडलेल्या भारतीय उपकरणाच्या नोंदींचा मोठा आधार मिळाला. क्विकस्कॅटही वाया गेला नाही. अँटेना एका जागी अडकला असला तरी मोजमाप अचूक होते, म्हणून 2018 पर्यंत नव्या उपकरणांची मापे त्याच्याशी ताडून घेतली गेली.

पण भारताचे स्कॅटरोमीटर 2014च्या फेब्रुवारीत बंद पडले, आणि त्याचा वारस ‘स्कॅटसॅट-1’ उडाला तो 2016च्या सप्टेंबरात. स्कॅटसॅटने 2021च्या सुरुवातीला काम थांबवले, तर त्याची जागा घेणारा ‘ओशनसॅट-3’ उडाला तो नोव्हेंबर 2022 मध्ये. दोनदा खंड पडला, आणि दुसऱ्या खंडाच्या काळातच, 2021च्या मेमध्ये, तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातेत गेले.

यावर कुणी म्हणेल, तौक्तेचा इशारा तर वेळेत मिळाला होता! मिळाला होता, आणि त्यात युरोपच्या उपग्रहांचा वाटा होता. पण त्यांच्या भरवशावर स्वस्थ बसणे मला पटत नाही. युरोपीय उपकरण समुद्राचे दोन पट्टे पाहते आणि मध्ये सुमारे 700 किलोमीटरची फट सोडते. छोटे वादळ त्या फटीत सहज बसते. शिवाय ते उपग्रह सकाळी आणि रात्री साडेनऊच्या सुमारास जातात, ओशनसॅट-2 दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास जायचा. अरबी समुद्रातली वादळे हल्ली काही तासांत जोर धरतात, म्हणून वेगवेगळ्या वेळांना पाहणारे वेगवेगळे उपग्रह लागतात. भारतीय उपकरणाला पावसाचा अडथळा अधिक होतो, युरोपीय उपकरणाला कमी. दोघे मिळूनच चित्र पुरे होते.

एक मर्यादा मात्र मान्य करायलाच हवी. किनाऱ्याजवळच्या काही किलोमीटरांच्या पट्ट्यात जमिनीचा संकेत मिसळतो आणि माप बिघडते. छोट्या होड्या फिरतात त्या नेमक्या तिथेच. त्यांच्यासाठी तरंगत्या बोयांवरची मापे, किनाऱ्यावरची केंद्रे आणि बंदरावर वेळेत चढणारा बावटा यांना पर्याय नाही. उपग्रहावर खर्च झाला म्हणून बोयांची देखभाल थांबली, असे होता कामा नये.

चांद्रयान उतरले तेव्हा देशाने टाळ्या वाजवल्या, आणि त्या योग्यच होत्या. पण आधीच्यासारखाच दुसरा उपग्रह पाठवणे कुणाला बातमी वाटत नाही, म्हणून त्याची निकड अर्थसंकल्पात आपोआप खाली सरकते. इस्रोने आणि केंद्र सरकारने वारा मोजणारे उपग्रह ‘मोहिमा’ म्हणून मोजणे सोडून द्यावे आणि त्यांना कायमची सेवा मानावे. म्हणजे एक उपग्रह कक्षेत काम करत असतानाच पुढच्याचा पैसा मंजूर हवा आणि उड्डाणाची तारीख जाहीर हवी. ओशनसॅट-3च्या वारसाची तारीख विचारायची वेळ आजची आहे. अँटेना थांबल्यावर विचारली, तर उत्तर येईपर्यंत दोन पावसाळे नोंदीविना गेलेले असतील.