चरित्र हवे, ताईत नको

मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या छोट्या-मोठ्या चरित्रपुस्तिकांचा आमच्या कपाटात आता एक थरच साचला आहे. 11 नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस 2008 पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वक्तृत्व स्पर्धा होतात आणि बक्षीस म्हणून अशीच एखादी पुस्तिका मुलांच्या हाती पडते. आम्हीही त्या वाटल्या आहेत. म्हणून पुढे जे लिहीत आहोत, त्यातून आम्ही स्वतःला वगळत नाही.

यातल्या अनेक पुस्तिकांत मौलाना कैरोच्या अल-अझहरमध्ये शिकले, असे ठासून सांगितलेले असते. खुद्द मौलानांनी हे नाकारले आहे. महादेवभाई देसाईंनी त्यांना प्रश्न विचारून त्यांचे चरित्र लिहिले. त्यात गैरसमजाने ही गोष्ट शिरली. आपण मध्यपूर्वेचा प्रवास केला, पण अल-अझहरचे विद्यार्थी एक दिवसही नव्हतो, असा खुलासा मौलानांच्या ‘इंडिया विन्स फ्रीडम’मध्ये आहे. हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर 1959 साली प्रसिद्ध झाले. तरी ही अझहरची सनद त्यांच्या गळ्यातून निघायला तयार नाही.

कुणी म्हणेल, मुलांच्या पुस्तकातली एवढीशी चूक, तिचा इतका बाऊ कशाला? आम्हाला ही चूक एवढीशी वाटत नाही. मौलाना शिकले ते कलकत्त्यात, वडिलांजवळ आणि घरी येणाऱ्या शिक्षकांकडे. इंग्रजी त्यांनी स्वतःच्या खटपटीने मिळवली. तालुक्याच्या शाळेत शिकणाऱ्या आमच्या मुलीला यातून केवढा धीर मिळाला असता! त्याऐवजी आम्ही तिला शिकवतो की, परदेशाचा शिक्का बसल्याशिवाय आलिम होता येत नाही.

या पुस्तिकांचे दोन साचे ठरलेले आहेत. पहिल्या साच्यात मौलाना म्हणजे नेहरूंच्या शेजारचा फोटो, स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री, एकतेचे पुजारी. त्यांनी कुराणावर काय विचार केला, याला तिथे दोन ओळीही मिळत नाहीत. दुसऱ्या साच्यात ते जन्मजात विद्वान, निष्कलंक, जवळजवळ औलिया. पहिल्यात विचारवंताचा धर्म गळतो, दुसऱ्यात धर्मवेत्त्याचा विचार गळतो.

दुसरा साचा आम्हाला अधिक खुपतो. मौलानांचे वडील, मौलाना खैरुद्दीन, मुरीदांचा मोठा परिवार असलेले पीर होते. ती गादी मुलाने नाकारली. सर सय्यद यांचे लेखन वाचून त्यांच्या मनात प्रश्न उभे राहिले, शंकेच्या काळातून ते गेले. वारशाने आलेल्या श्रद्धेला आपण बांधलेले नाही, हे सांगण्यासाठीच त्यांनी ‘आझाद’ हे नाव घेतले. ज्याने पीर व्हायला नकार दिला त्यालाच आम्ही पीर करून बसवावे, यापरती विटंबना कोणती?

मग चांगले चरित्र ओळखायचे कसे? आमची कसोटी साधी आहे. 1912 साली ‘अल-हिलाल’ काढणारे, मुसलमानांनी धर्माच्या आधाराने संघटित व्हावे म्हणणारे आझाद आणि 1940 साली रामगढला संयुक्त राष्ट्रीयत्व मांडणारे आझाद, या दोन टोकांमधला रस्ता ते पुस्तक दाखवते का? विचार बदलला की तोच पिकत गेला, हा प्रश्न तरी विचारते का? ‘तर्जुमानुल कुरआन’कडे ते थांबते का? पोलिसांच्या झडत्यांत त्याचे कागद विस्कटले आणि मौलानांनी ते पुन्हा लिहिले. 1930 च्या दशकात दोन खंड निघाले, काम मात्र अपुरेच राहिले. फातिहाच्या विवरणात त्यांनी रुबूबियत, रहमत आणि अदालत यांवर भर दिला. दीन एकच आहे, वेगळ्या आहेत त्या शरीयती, आणि गटबाजी ही माणसांची करणी, असे मांडले. त्यावर आलिमांनी आक्षेपही घेतले. हे आक्षेप लपवणारे पुस्तक मौलानांचा मान वाढवत नाही, त्यांना बिनदाताचे करते.

इयान हेंडरसन डग्लस यांचे 1988 साली प्रसिद्ध झालेले चरित्र इंग्रजीत आहे. त्याच्याशी मतभेद होऊ शकतो. पण विचाराची वाटचाल हाच त्याचा विषय आहे. असे काम मराठीत व्हावे, ही आमची मागणी आहे. आणि तो हक्क या मातीला आहे. 1942 ते 1945 मौलाना अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ‘गुबार-ए-खातिर’ची पत्रे तिथलीच. 1943 च्या एप्रिलमध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्यांना भेटण्यासाठी मौलानांनी सरकारकडे विनंती केली नाही. पुस्तिका या धीरोदात्तपणाची आरती ओवाळून पुढे जातात. पण वरून दिसणारी ती शांतता म्हणजे आपल्या अभिमानाने वठवलेली भूमिका होती, अशी कबुली मौलानांनी स्वतःच देऊन ठेवली आहे. जो माणूस स्वतःबद्दल इतके खरे लिहितो, त्याच्याबद्दल खोटे लिहायचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

येत्या 11 नोव्हेंबरला पुस्तिका वाटण्याआधी एकदा उघडून पाहा. तीत अझहरची सनद असेल आणि तर्जुमानचे पानही नसेल, तर ती मुलांना देऊ नका. ताईत गळ्यात बांधायचा असतो, पुस्तक वाचायचे असते. मौलानांची आमच्या मुलांशी गाठ घालून द्यायची असेल, तर त्यांना शंका आलेल्या, चुका केलेल्या, विचार करणाऱ्या माणसाचीच घालून द्यावी लागेल.