वाढदिवसाचा कपकेक आणि सरकारी माफी

जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्याचे नवे कृषी आयुक्त सिड मिलर यांनी पदावर येताच पहिली घोषणा केली, ती दुष्काळाविषयी नव्हती की शेतमालाच्या भावाविषयीही. त्यांनी चक्क कपकेकला 'माफी' जाहीर केली! मुलाच्या वाढदिवसाला आईवडिलांनी वर्गात कपकेक खुशाल न्यावेत, असे त्यांचे म्हणणे. गंमत म्हणजे वाढदिवसापुरती ही मुभा तेथे २००५ च्या कायद्याने दिलेलीच होती.

एवढ्याशा केकवरून राज्यकर्त्यांनी रणशिंग फुंकावे, असे त्यात आहे तरी काय? १७९६ मध्ये अमेलिया सिमन्स या बाईंच्या 'अमेरिकन कुकरी' या पुस्तकात लहान कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आली. 'कप केक' हे नाव मात्र १८२८ च्या एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकात भेटते. या नावाचा दुसराही अर्थ आहे. वजनकाट्याऐवजी कपाने मोजून केलेला तो कपकेक. एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा आणि चार अंडी हे त्याचे जुने प्रमाण. आपल्या आज्या वाटीने मापत, त्यातलाच हा प्रकार.

याच प्रमाणाचे चोवीस केक केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १७ ग्रॅम साखर, नऊ-दहा ग्रॅम लोणी, १५ ग्रॅम मैदा आणि अंड्याचा सहावा हिस्सा येतो. म्हणजे सुमारे २०० कॅलरी, आणि प्रथिने जेमतेम अडीच-तीन ग्रॅम. इथवर तक्रारीला फारशी जागा नाही. खरा घोळ वरच्या क्रीममध्ये आहे. दोन भाग साखर आणि एक भाग लोणी घोटलेले ३० ग्रॅम क्रीम चढले, की आणखी १५० कॅलरी आणि २० ग्रॅम साखर वाढते. एकूण साखर झाली नऊ चमचे! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेली मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाकाठी ५० ग्रॅम, आणि शक्यतो २५ ग्रॅमच, अशी आहे. पहिलीतल्या पोराचे काय, ते आपणच ताडावे. त्यात वर्गात चाळीस मुले, म्हणजे चाळीस वाढदिवस!

क्रीमचा हा डोंगर अलीकडचा. न्यूयॉर्कमध्ये १९९६ मध्ये सुरू झालेली मॅग्नोलिया बेकरी दूरचित्रवाणी मालिकेत झळकली आणि कपकेकची लाट आली. 'क्रम्ब्स' ही कपकेकवाली कंपनी २०११ मध्ये शेअर बाजारात पोचली आणि जुलै २०१४ मध्ये तिने सगळी दुकाने बंद केली. लाट ओसरली, आकार मात्र राहिला.

आपल्याकडचा कागदी वाटीतला मावा केक या बाबतीत साधाभोळा म्हणायचा. त्याच्या डोक्यावर काही नसते. बेकरीतल्या वनस्पती तुपाची भीती होती, त्यावरही २०२२ पासून ट्रान्स फॅटला दोन टक्क्यांची मर्यादा आली. आता २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले आहे. शीतपेयाच्या बाटलीतली साखर फलकावर चमच्यांनी मोजून दाखवता येते. घरून आलेल्या डब्यातल्या क्रीमचे माप मात्र ते घोटणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि बेकरीतून खोके आणले असेल तर आणणाऱ्यालाही नसते.