पारणं नसलेला उपवास



पर्युषणात माझ्या बहिणीची नात चांदवडला आली होती. आहारशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने अठ्ठाई केली. स्थानकात सगळ्यांनी अनुमोदना केली, मीही केली. पारणं झालं, पण तिचं जेवण काही सुरू झालं नाही. फुलका काट्यावर ठेवून वजन करायची, भाताचे घास मोजायची. एकटीला विचारलं तेव्हा कळलं, चार महिने पाळी नव्हती.

"आजी, जाड आहारतज्ज्ञाकडे कोण येईल?" असं म्हणाली.

त्यांच्या अभ्यासात स्वतःचं खाणं लिहून काढायचं, कॅलरी मोजायच्या, एकमेकींचं वजन आणि कंबर मोजायची. आधीच शरीराची लाज वाटणाऱ्या मुलीच्या हाती हा तराजू येतो. शुद्ध खाण्याच्या अशा ध्यासाला स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरांनी 1997 मध्ये 'ऑर्थोरेक्सिया' नाव दिलं. राष्ट्रीय पोषण संस्थेचा 2020 चा तक्ता आमच्या मुलीला पाठ आहे: 55 किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला 1660 कॅलरी. स्वतः मात्र त्याच्या निम्म्यावर राहत होती.

आपल्या घरांत हे लपून जातं, कारण कमी खाणाऱ्या मुलीचं आपल्याला कौतुक. पण तपाला पच्चक्खाण असतं, मुदत असते, शेवटी पारणं असतं. या आजाराला पारणं नाही. ऊणोदरीत भुकेपेक्षा चार घास कमी खायचे असतात, भूकच नाकारायची नसते. आणि फळाची इच्छा धरून केलेल्या तपाला आपण निदान शल्य म्हणतो. मग बारीक दिसण्यासाठी केलेली अठ्ठाई तप कशी ठरेल?

तपस्वीला आपण "साता आहे ना?" विचारतो. तो प्रश्न मुलींना एकांतात, खरोखर विचारा. पाळी, चक्कर, केस गळणं, सगळं विचारा. "छान उतरलीस" म्हणू नका. महाविद्यालयांनीही वर्गासमोर मुलींची वजनं घेऊ नयेत. काही खटकलं तर महासतीजींना सांगून तप थांबवा आणि डॉक्टरांकडे न्या. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे.

आमच्या मुलीचे उपचार सुरू आहेत. संवत्सरीला मी सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हटलं होतं. तिला मात्र नंतर वेगळं म्हणावं लागलं, काही न विचारता वाहवा केली म्हणून.