चिठ्ठी कोणाच्या नावाची?

मार्च महिना आला की पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांतून शाळा-कॉलेजांच्या परीक्षांबरोबरच आणखी एका निकालाची धाकधूक सुरू होते. अमेरिकेच्या ‘एच-१बी’ परवान्याच्या सोडतीत मुलाचे नाव निघाले काय, एवढेच जो तो विचारतो. ते नाव नोंदविले कोणी, हे मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या मते दुखण्याचे मूळ तेथेच आहे.

ही नोंदणी तंत्रज्ञाला स्वतः करता येत नाही. ती त्याला नोकरी देऊ करणाऱ्या मालकाने करावयाची असते. परवान्यांची वार्षिक मर्यादा ६५ हजार, आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. २०२० साली संगणकावरून नोंदणी सुरू झाली तेव्हा तिचे शुल्क होते अवघे १० डॉलर! इतक्या स्वस्तात दैव अजमावता येते म्हटल्यावर व्हायचे तेच झाले. २०२३ च्या नोंदणीत ७ लाख ५८ हजार ९९४ पात्र नोंदी झाल्या आणि त्यांतील ४ लाख ८ हजार ८९१ नोंदी एकाहून अधिक वेळा नाव घातलेल्या उमेदवारांच्या होत्या. त्या साऱ्याच लबाडीच्या होत्या असे नव्हे. परंतु एकच चिठ्ठी टाकणारा सरळमार्गी उमेदवार मागे पडला, हे उघड आहे. ‘दोन-तीन ठिकाणांहून नाव घाल’ हा सल्ला आपल्यापैकी किती वडीलधाऱ्यांनी दिला, हे ज्याचे त्याने आठवावे.

२०२४ पासून चिठ्ठ्यांऐवजी पारपत्रावरील माणूस मोजण्यास सुरुवात झाली, आणि पात्र नोंदी एकदम ४ लाख ७० हजार ३४२ वर उतरल्या. सुधारणा खरी, पण ती सोडतीपुरतीच. परवाना हाती आल्यावर तो माणूस पुन्हा मालकाच्या दावणीलाच! २००० सालच्या कायद्याने नोकरी बदलण्याची सवलत दिली आहे, पण तीही नव्या मालकाने अर्ज केला तरच. नोकरी गेली तर फार तर ६० दिवसांची मुदत. तेवढ्यात दुसरा मालक किंवा अन्य कायदेशीर आधार न मिळाल्यास घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळा सोडून बिऱ्हाड उचलावयाचे. नोकरीच्या आधारे कायम वास्तव्य मिळविण्याच्या वाटेवर कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही. त्यामुळे भारतीय तेथेही वर्षानुवर्षे तिष्ठतो. अशा माणसाने मालकाच्या अन्यायाविरुद्ध तोंड उघडावे तरी कसे?

सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर १ लाख डॉलरांचा भार टाकला, तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब झाला! दिल्लीने कुटुंबांच्या होणाऱ्या हालांविषयी चिंता व्यक्त केली, ते योग्यच होते. परंतु परवान्यांची संख्या आणि शुल्क यांपलीकडे आपले गाऱ्हाणे सहसा जात नाही. संख्या किती ठेवावी हा अमेरिकेचा अधिकार आहे. आत घेतलेल्या माणसाला कसे वागवावे याबद्दल बोलण्याचा अधिकार आपला आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून हीच मुदत ६० दिवसांवरून एका वेळी १८० दिवसांवर नेली. त्या देशाचा कारभार काही बुडाला नाही. अमेरिकेशी पुढील बोलणी करावयास आपले प्रतिनिधी बसतील, तेव्हा ऑस्ट्रेलियाचा हा दाखला त्यांनी बरोबर न्यावा आणि शुल्काच्या आधी त्या ६० दिवसांचा विषय काढावा.