शेकोटी कुणाची?

थंडी सगळ्यांना सारखीच वाजते म्हणतात. साफ खोटं! रजईत असतो त्याला थंडी छान पडलेली असते. फाटक्या घोंगड्यातल्याला ती चावते.

माझा आजा येसकर. चावडीत पाय ठेवायचा नाही, पण रातभर चावडी राखायची. बाहेर तुराट्या-पऱ्हाट्यांची शेकोटी करून बसायचा. शिमग्याला होळीची लाकडं त्यानंच फोडायची. आमच्या गावात आधी महारवाड्याची होळी पेटायची आन् तिचा विस्तव नेऊन पाटलाची. म्हणजे विस्तवाला विटाळ नाही, विस्तव आणणाऱ्या हाताला आहे! त्या हातावर पोळी वरून टाकायची. काय ही अक्कल आन् काय हा धर्म!

बाप शहरात आला. एका सोसायटीवर रातपाळीचा वॉचमन झाला. काठी तीच, अंगावर खाकी आली एवढंच. डिसेंबरात गेटापाशी चार काटक्या पेटवून बसला, तर सेक्रेटरी खाली आला आणि बुटानं शेकोटी विस्कटली. "धूर वर येतो." बाप म्हनला, "सायेब, थंडी लई हाय." सायेब म्हणाला, "मग स्वेटर घाल." आठवड्यानं थर्टीफर्स्टला हीच सोसायटी तळ्याकाठी तंबूत कॅम्पफायर करायला गेली. गिटार, कोंबडी, लाकडाचा हा एवढा ढीग! पैसे मोजले की धुराचं निसर्गप्रेम होतं.

मला कायदा शिकवू नका. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादानं २०१६ साली बंदी घातली. दंड ५,००० रुपये, मोठा ढीग असेल तर २५,०००. बंदी बरोबरच आहे. धूर आधी झोपडपट्टीतल्या पोरांच्या आणि झाडूवालीच्या छातीत जातो. पण पावती फाडण्याआधी सांगा, रात्र राखणाऱ्याला केबिन कोण देणार? ब्लँकेट कोण देणार?

आणि आग आम्हाला ठाऊक नाही असं समजू नका. २५ डिसेंबर १९६८. तमिळनाडूतलं किळवेनमणी. मजुरी वाढवून मागणाऱ्या शेतमजुरांची ४४ माणसं, बहुतेक बाया, पोरं, म्हातारे, जीव वाचवायला एका झोपडीत शिरली. ती झोपडीच पेटवली. पुढं हायकोर्टाला प्रश्न पडला, एवढे श्रीमंत जमीनदार स्वतः चालत जाऊन आग कशाला लावतील? सुटले! १९७८ साली २७ जुलैला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. निव्वळ नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

आता आमची आग बघा. तारीख तीच, २५ डिसेंबर, साल १९२७. महाड. परिषदेला जागा कुणी हिंदू देईना, फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिली. खड्डा खणला, चंदन रचलं, आणि बाबासाहेबांच्या साक्षीनं रात्री नऊला मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण. त्या आगीत कुणाचं घर जळलं नाही, कुणाचं पोर जळलं नाही. जळलं एक पुस्तक. तरी अजून बोंब मारतात!

पण दोस्तांनो, आपलंही ऐका. दर २५ डिसेंबरला आपण काय करतो? चार पानं जाळायची, मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, पुढाऱ्याला हार घालायचा, घरी जाऊन गोधडीत शिरायचं. मनू काय त्या झेरॉक्समध्ये बसलाय? तो गेटावर बसलाय साल्यांनो, बूट घालून!

म्हणून यंदा त्या रात्री शहरातल्या एकेका गेटावर जा. वॉचमनपाशी बसा. त्याला पगार किती, ड्यूटी आठ तासांची का बाराची, हातात कागद काय दिलाय, विचारा. लिहून घ्या. चार गेटांचे वॉचमन एका जागी आणा. तिथं संघटना बांधा.

विस्तव पिढ्यान् पिढ्या आम्हीच वाहिला. आता तो कुठं ठेवायचा ते आम्ही ठरवू.