भंगार कोणाला म्हणायचे?

(द्वितीय वर्ष, कला)

‘भंगार’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. न चाललेला सिनेमा भंगार, न समजलेले पुस्तक भंगार, आणि जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा माणूस तर जन्मभर ‘भंगारवाला’. परंतु ज्या बाजारात हा शब्द पोटासाठी वापरला जातो, तिथे त्याचा अर्थ अगदी काटेकोर आहे. जी वस्तू किलोवर विकली जाते ती भंगार. जी नगावर विकली जाते तो ‘पार्ट’. एकाच गाडीतून निघालेले दोन गिअर एकाच ढिगात पडलेले असतात. एक वजनकाट्यावर जातो, दुसरा एखाद्या गाडीत बसून आणखी काही वर्षे शेतमाल ओढतो. त्या दोहोंतला फरक ओळखणे ही एक विद्याच आहे, मग तिची पदवी कोणी देवो वा न देवो.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. माझे वडील जुनी डिझेल पिकअप चालवतात. गावची भाजी मार्केट यार्डात पोचवणे हा आमचा धंदा. माझी फी त्याच भाड्यातून भरली जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, म्हणून गाडीच्या खर्चाची वही माझ्याकडे आली. त्या वहीत नव्या पार्टच्या नोंदी थोड्या आणि जुन्याच्या फार. गाडी जुनी होत जाते तसे तिचे भाग एजन्सीत मिळणे अवघड होते. मिळाले तरी नवा गिअरबॉक्स घेण्याइतका पैसा एकदम हाती नसतो. आणि तोडलेला टोमॅटो कोणासाठी थांबत नाही.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी ही या धंद्याची मोठी ठिकाणे. लहान गाळे तर बहुतेक तालुक्याच्या गावी सापडतील. अपघातात मोडलेली, इंजिन बसलेली किंवा लिलावात निघालेली गाडी तिथे येते. कसबी माणूस गॅस कटर लावण्याआधी पाना लावतो. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, रेडिएटर, पाटे वेगळे निघतात. मग उरलेले पत्रे, तांबे, ॲल्युमिनियम आणि बीड वजनावर जाते. इंजिनच्या ब्लॉकला तडा आहे की नाही हे पाहण्यासाठी मिस्त्री रॉकेल लावून पुसतो आणि वर खडूची पूड फासतो. तडा असेल तर मुरलेले रॉकेल बाहेर येऊन रेघ उमटते. क्रँक घासलेला असेल तर तो इंचाच्या हजारांश भागांत दहा, वीस की तीस घासला आहे हे मोजून मगच त्याला बेअरिंग देतात. शाळा अर्ध्यावर सोडलेली माणसे हे हिशेब तोंडी करतात!

या धंद्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला चोरीच्या मालाचा. तो खोटा नाही. गाडीचा चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक आर.सी. पुस्तकात असतो; इंजिन बदलले तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परिवहन कार्यालयाची मान्यता लागते. परंतु गिअरबॉक्स, डिफरन्शियल किंवा डिझेल पंप यांची आर.सी. पुस्तकात नोंद नसते. तो भाग कोणत्या गाडीतून आला हे सांगणारा एकच कागद असू शकतो, तो म्हणजे पावती. आणि नेमकी तीच या बाजारात मिळत नाही.

दुसरा आक्षेप धोक्याचा. त्याचे उत्तर सरसकट देता येणार नाही. रेडिएटर जुना घेतला आणि गळला, तर गाडी उभी राहील. ब्रेकचे लायनर, ब्रेकचा होस किंवा स्टेअरिंगचा बॉल जॉइंट जुना घेतला आणि तो सुटला, तर माणूस मरेल. वडील हे भाग कधीही जुने घेत नाहीत, मग त्या आठवड्यात किराणा उधारीवर आणावा लागला तरी चालेल. ही मर्यादा प्रत्येक गाळ्यावर पाळली गेली पाहिजे.

तिसरा आक्षेप धुराचा. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात, आणि त्यांच्यापुढे आमची गाडी नक्कीच जास्त धूर सोडते. पंप आणि नोझल नीट करून घेतले तर तो कमी होतो, परंतु जुनी गाडी नवी होत नाही. एक दिवस ती मोडीत जाईलच. तिच्यातले चांगले भागही तिच्याबरोबर भट्टीत जावेत काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

सरकारने २०२१ मध्ये वाहने मोडीत काढण्याचे धोरण आणले. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नव्या व्यापारी वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. धोरण वाईट नाही. पण सवलत नवी गाडी घेणाऱ्याला आहे. ज्याला नवी गाडी घेणेच शक्य नाही, त्याला या सवलतीचा काय उपयोग? त्याच्या उपयोगाचे एकच, ते म्हणजे मोडलेल्या गाडीतला तपासलेला, कागद असलेला, चांगला पार्ट.

कागदाचे मोल काय असते ते मायापुरीनेच दाखवले आहे. २०१० साली दिल्ली विद्यापीठातले एक जुने यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. ते उघडणाऱ्यांना याची कल्पना नव्हती. अनेकांना किरणोत्सर्गाची बाधा झाली आणि एकाचा जीव गेला. वस्तू काय आहे आणि कुठून आली हे सांगण्याची जबाबदारी तिथे शिकलेल्या माणसांची होती. तेव्हा हिशेब न ठेवण्याचा दोष केवळ गाळेवाल्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

आमच्या घरीही याची झळ बसली. गेल्या पावसाळ्यात एका गाळ्यावरून आणलेल्या गिअरबॉक्सचा तिसरा गिअर आठवड्यात सुटू लागला. परत नेला तेव्हा, ‘हा माल आमचा नव्हे,’ असे उत्तर मिळाले. पावती देण्याचा तिथे रिवाजच नव्हता. गाडी नऊ दिवस उभी राहिली आणि दुसऱ्या सत्राची फी उसनी आणावी लागली. असे असूनही हा बाजार बंद व्हावा असे वडिलांना वाटत नाही, मलाही वाटत नाही. तो बंद झाला तर आमच्यासारख्यांच्या गाड्याच बंद होतील.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जुन्या पार्टबरोबर एक छापील मराठी पावती असावी. तीत भागाचे नाव, तो ज्या गाडीतून निघाला तिचा चॅसिस क्रमांक, किंमत, तारीख, विकणाऱ्याची सही आणि निदान पंधरा दिवसांची हमी एवढेच असावे. ब्रेक आणि स्टेअरिंगचे भाग जुने विकले जाणार नाहीत, हे तिच्यावर ठळक छापावे. प्रामाणिक विक्रेत्याला याचा त्रास नाही. उलट पोलीस दारात आले तर हीच पावती त्याची ढाल ठरेल.

हे काम सरकारनेच करावे म्हणून वाट पाहण्याची गरज नाही. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने अशा पावतीचा नमुना तयार करून आपल्या तालुक्यातल्या गाळ्यांवर नेऊन द्यावा. प्राध्यापकांनी मजकूर तपासून द्यावा, गाळ्यांवर जायला मी तयार आहे. आपण कला शाखेचे विद्यार्थी. इंजिन उघडणे आपल्याला जमणार नाही, परंतु चार ओळी स्वच्छ आणि नेमक्या लिहिणे तरी जमायला हवे. एवढेही जमले नाही, तर भंगार हा शब्द गाळेवाल्यासाठी वापरण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.