ग्रह आणि पूर्वग्रह

शनीची कडी पाहायची म्हणून आम्ही 2025 च्या दिवाळीत दुर्बीण घेतली, आणि नेमक्या त्याच वर्षी शनीने ती मिटून ठेवली होती. हे आम्हांला दुर्बीण घरी आल्यावर कळले. ही कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेली, पण जाडीला बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर. सूर्याभोवतीची साडेएकोणतीस वर्षांची फेरी घालताना दर पंधरा वर्षांच्या सुमारास शनी अशा जागी येतो, की पृथ्वीवरून त्याच्या कड्यांची फक्त धार दिसते. 23 मार्च 2025 रोजी पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून गेली. तेव्हा शनी सूर्याच्या फार जवळ असल्यामुळे तो योग पाहण्याजोगा नव्हता. परंतु नोव्हेंबरअखेर कड्यांचा कल पुन्हा अर्ध्या अंशाच्याही खाली उतरला, आणि तो मात्र आमच्या वाट्याला आला. सत्तर मिलिमीटर भिंगाच्या आमच्या दुर्बिणीत शनी म्हणजे एक फिकट पिवळसर मणी आणि त्यातून आरपार गेलेली सुई. काही रात्री तर सुईही नाही.

पहिल्या रात्री आम्ही खट्टू झालो हे कबूल केले पाहिजे. दुर्बिणीच्या खोक्यावर कड्यांसह झळाळणारा, ताटाएवढा शनी छापलेला होता आणि शेजारी '525 पट' असे ठळक अक्षरांत लिहिले होते. एवढ्याशा भिंगाची खरी कुवत फार तर एकशेचाळीस पटींची. त्यापुढे प्रतिमा मोठी होत जाते आणि दिसते मात्र कमी. आम्ही सत्तर पटींवर स्थिरावलो. त्यातही ग्रह नेत्रिकेत येईपर्यंत मान आखडते, आणि आला म्हणावे तर दोन-अडीच मिनिटांत तो दृष्टिक्षेत्राच्या कडेकडून निसटून जातो. पृथ्वी फिरते हे आम्ही शाळेत पाठ केले होते. ती इतक्या घाईने फिरते हे ठाऊक नव्हते. शिवाय गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला. संध्याकाळी तो ती उष्णता परत करू लागतो आणि वरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते. दहा वाजून गेल्यावर केव्हातरी एखादा क्षण ती थांबते. पाहायचे ते त्या क्षणात.

आमचे एक स्नेही म्हणाले, "हा खटाटोप कशासाठी? कॅसिनी यान 2004 पासून 2017 पर्यंत शनीभोवती फिरत होते. त्याने काढलेली छायाचित्रे तुमच्या फोनवर दिसतात." हा आक्षेप हसून सोडून देण्याजोगा नाही. माहितीच हवी असेल तर दुर्बीण हे तिचे अत्यंत महागडे आणि गैरसोयीचे साधन आहे. पण आमचे म्हणणे उलट आहे. ती छायाचित्रे आधी पाहिली, म्हणूनच आम्हांला पहिल्या रात्री काही दिसले नाही. डोळा नेत्रिकेला लावून आम्ही शनी पाहत नव्हतो. डोक्यातले चित्र समोरच्या मण्याशी ताडून पाहत होतो आणि मणी नापास होत होता.

गॅलिलिओपाशी असे चित्र नव्हते. 1610 मध्ये त्याला शनी तीन गोलांचा दिसला, मधला मोठा आणि दोन बाजूंना दोन लहान. 1612 मध्ये कडी अशीच धारेवर आली आणि ते लहान गोल नाहीसे झाले. शनीने आपलीच मुले गिळली काय, असे त्याने पत्रात विचारले. आपल्या भिंगांनीच आजवर आपल्याला फसवले की काय, ही शंकाही त्याला चाटून गेली. हे कोडे 1659 मध्ये हॉयगेन्सने छापून सोडवले, म्हणजे मध्ये जवळजवळ अर्धे शतक गेले. त्या अर्धशतकातल्या गोंधळाचा आम्हांला हेवा वाटतो. आम्हांला उत्तर आधीच ठाऊक होते, त्यामुळे प्रश्न पडलाच नाही. एखाद्या कवितेचे रसग्रहण आधी वाचून मग कविता उघडणाऱ्या वाचकाची जी गत होते, तीच ही.

संस्कृतात ग्रह् म्हणजे पकडणे. मराठीतही आपण 'अमक्याबद्दल माझा वाईट ग्रह झाला' असे म्हणतो. पूर्वग्रह आणि दुराग्रह ही त्याच कुटुंबातली मंडळी. ज्योतिष या शब्दाचेही असेच झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा 1896 चा ग्रंथ प्रामुख्याने खगोलगणिताचा इतिहास सांगतो, पण आज ते नाव ऐकून बहुतेक जण त्यात आपली रास शोधायला जातील. असो.

गुरूने आम्हांला अधिक शिकवले. डिसेंबरात तो रात्री सोयीच्या वेळी वर येऊ लागला. त्याचे चार चंद्र पहिल्याच रात्री दिसले, आणि दुसऱ्या रात्री त्यांनी जागा बदललेल्या पाहून जो आनंद झाला त्याचे वर्णन करण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. बिंबावर मात्र काहीच दिसेना. एक पांढरट टिकली, बस्स. मग कोणीतरी लिहिलेला उपाय केला : वहीत नाण्याच्या कडेने वर्तुळ काढायचे आणि जे दिसेल तेवढेच त्यात भरायचे. तिसऱ्या रात्री एक करडी रेघ भरली. पाचव्या रात्री दोन झाल्या. गुरूचे पट्टे तिथे पहिल्या रात्रीही होते आणि दुर्बीणही तीच होती.

आठव्या की नवव्या रात्री आम्ही खालच्या पट्ट्याला चिकटून एक तांबूस ठिपका काढला आणि शेजारी अभिमानाने 'तांबडा डाग' असे लिहिले. सकाळी वेळापत्रक पाहिले. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आतच फिरतो, आणि आमच्या त्या पाऊण तासात तो डाग संपूर्णपणे पलीकडच्या बाजूला होता. आम्ही खोटे बोललो नव्हतो. ठिपका दिसला होता. डाग असतो हे ठाऊक होते, डाग दिसावा अशी इच्छा होती, आणि डोळ्याने ती मोठ्या आज्ञाधारकपणे पुरवली.

याच वाटेने मोठी माणसे गेली आहेत. 1877 मध्ये मिलानहून शियापारेल्लीला मंगळावर रेषा दिसल्या. 1894 पासून लॉवेलने अ‍ॅरिझोनात खास वेधशाळा उभारून त्या रेषांचे कालवे केले, आणि कालवे खणणारी बुद्धिमान जमातही कल्पिली. 1909 मध्ये म्यूदाँ येथील 83 सेंटिमीटरच्या मोठ्या दुर्बिणीतून आंतोनियादीने पाहिले तेव्हा त्या जाळ्याच्या जागी त्याला विखुरलेले, वेडेवाकडे डाग दिसले. लॉवेल लबाड नव्हता, उलट रात्रीमागून रात्री पाहणारा कष्टाळू माणूस होता. आम्हांला धास्ती वाटते ती याचीच. आम्ही ज्या गोष्टी 'डोळ्यांनी पाहिल्या' म्हणून छातीठोकपणे सांगत आलो, माणसांविषयी आणि पुस्तकांविषयीही, त्यांतल्या किती या जातीच्या असतील? वहीतला तो ठिपका आम्ही खोडला नाही. त्याच्याभोवती चौकट करून खाली 'नव्हता' असे लिहिले.

आमच्या आईची रास मेष. 29 मार्च 2025 रोजी शनी मीनेत गेला आणि तिची साडेसाती लागली. तेव्हापासून शनिवारी मारुतीला तेल जाते. दुर्बिणीकडे ती महिनाभर फिरकली नाही. शनीकडे असे टक लावून पाहू नये, हे तिचे मत. आम्ही आग्रह केला नाही. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढायला ती गच्चीवर आली आणि आपणहून म्हणाली, "दाखव बघू, कुठाय तो." तिच्या डोक्यात कॅसिनीचे चित्र नव्हते. देवळातली काळी शिळा होती. तिने चष्मा काढला, बराच वेळ पाहिले, मध्ये एकदा "पळाला रे" म्हणून आम्हांला बोलावले, पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "केवढासा आहे. आणि शेजारी तो बारीक ठिपका कसला?"

तो टायटन होता, शनीचा सर्वांत मोठा चंद्र. तीन आठवडे शनी पाहूनही आमच्या वहीत त्याची नोंद नव्हती. आम्ही सुई शोधत होतो.

पुढच्या शनिवारी तेल गेलेच. त्याविषयी आम्ही काही बोललो नाही. मात्र तिने हिशेब विचारला तेव्हा तो करून दाखवला : साडेसाती म्हणजे शनीने तीन राशी ओलांडण्याचा काळ, बारांपैकी तीन, म्हणजे त्याची पाव फेरी. कडी धारेवरून पूर्ण उघडायलाही त्याला पाव फेरीच लागते. दोन्ही मार्च 2025 मध्ये सुरू झाले आहे आणि दोन्ही 2032 मध्ये पुरे होईल. तोवर ही दुर्बीण टिकेल का, असे आईने विचारले. भिंगाला बुरशी लागू दिली नाही तर टिकेल, असे आम्ही सांगितले. तेव्हापासून पावसाळी हवा असली की दुर्बीण तिच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांपासून दूर, कोरड्या फडक्यात गुंडाळलेली असते.